आदिलाबादला नेलेले पन्नास काळे डबे

शुक्रवारी सकाळी सुमनताईच्या साबणासाठी पन्नास डबे घेऊन मी नागपूरहून आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. काळे, चकचकीत, वर सोनेरी अक्षरं. आयुष्यभर जाहिराती लिहिल्या की वस्तू हा जाहिरातीचा किरकोळ भाग वाटू लागतो.

कुणाला जायचं असेल तर सांगतो: तिकीट चारशेच्या आत, चार-साडेचार तास, पांढरकवड्याला चहा. पैनगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, बोलणं मात्र तेच राहतं. आदिलाबादहून ताईच्या गावाची, तामसीची बस धरली. मार्चचं ऊन, दोन्ही बाजूंना कापूस वेचून उरलेल्या काड्या.

सुमनताई माझी मामेबहीण, चार वर्षांनी मोठी. मोहाच्या बियांचं तेल आणि हळद घालून घरी साबण करते, आठवडी बाजारात खाली बसून विकते. आदिलाबादच्या एका दुकानदाराने सांगितलं होतं, पॅकिंग नीट असेल तर गल्ल्याशेजारची फळी देतो. शनिवारी माल दाखवायचा होता.

ताईच्या घरी खिडकीशी सुपांत साबणाच्या वड्या वाळत होत्या. आणखी पंधरा दिवस वाळायला पायजेत, असं ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू, काही होत नाही. डबा हातात फिरवत तिने एवढंच विचारलं, "अन् वास कुठून घ्याचा रे?" मी तिला ग्राहकाच्या मनावर छोटंसं व्याख्यान दिलं. तिने मला ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण इतकं चांगलं होतं की तिचं गप्प बसणं मी होकारात धरलं.

शनिवारी आदिलाबादच्या बसमध्ये तेलंगणात बायकांना बस मोफत, म्हणून ताई आधार कार्ड दाखवून फुकट बसली, माझं तिकीट लागलं. डबे मांडीवर, ऊन डब्यांवर.

दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी उर्दूत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. मी डबे मांडले. साडीला पिना लावलेल्या एका बाईंनी एक उचलला, नाकाशी नेला, उलटा केला, पुन्हा नाकाशी नेला, कडेला नख लावून पाहिलं आणि ठेवून दिला. मग दुकानदाराने डबा उघडला. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब.

"ताई, साबनाले घाम फुटला न."

ताईने पिशवीतून दुकानदाराच्या बायकोसाठी आणलेली एक वडी काढली. दीड महिना वाळलेली. मधोमध खाकी कागदाची पट्टी, वर दोरा, दोन्ही टोकं उघडी. त्याने वास घेतला आणि वडी त्या बाईंच्या हाती दिली. बाईंनी वास घेऊन सरळ भाव विचारला.

"मंग हेच काऊन नाई आनलं तुमी?" दुकानदार म्हणाला.

"भाऊ एवढ्या दुरून डबे घेऊन आला. मनलं, त्याचं मन राहू द्या."

बाजारात खाली बसून विकणाऱ्या बाईने माझं मन राखण्यासाठी स्वतःची फळी पणाला लावली होती. आणि तेव्हा मी भाकरीवर तिखट मागून घेत होतो.

दुकानदाराने मुदत दिली: महिनाभर फळी दुसऱ्या कोणाला देत नाही. पूर्ण वाळलेल्या तीस वड्या आणा, पट्टीवर नाव, वजन, केल्याची तारीख, आत काय घातलं ते तेलुगू आणि मराठीत लिहा. एक वडी वास घेण्यासाठी बशीत उघडी ठेवू. परतीच्या बसमध्ये पट्टीचा मराठी मजकूर मी लिहिला. वजन-तारीख सोडून सात शब्द. ताईने दोन खोडले.

महिन्याने तिचा फोन आला. वड्या फळीवर लागल्या आहेत. डब्यांत ती सुया-दोरे, बटणं, खसखस ठेवते. झाकण घट्ट बसतं म्हणाली. डब्यांचं एवढंच कौतुक झालं.

डबे दाखवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी मी घरी पोचलो तेव्हा बायकोने पिशवीतून ताईने दिलेली माझ्या वाटणीची वडी काढली, नाकाला लावली, डोळे मिटले. मग विचारलं, प्रवास कसा झाला.