काकांची टायर-तपासणी

आमच्या ट्रॉय शहरातले एक मराठी काका कुणाकडेही जेवायला आले, की आधी बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर तपासत. झीज मोजायला टायरच्या खाचेत एक सेंटचं नाणं घालत, नाक मुरडत आणि मगच बेल वाजवत. स्वयंपाकाबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत.

त्या हिवाळ्यात मी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली, पण बर्फात पकड धरणारे स्नो टायर घेतले नाहीत. संक्रांतीच्या दुपारी मित्राकडचं जेवण उरकून आम्ही निघालो, तेव्हा रस्त्यांवर बर्फ गोठला होता आणि बायकोला नववा महिना होता. तिथेच जेवायला आलेले काका माझ्या टायरांकडे बघत नाक मुरडत होते.

"काका, चारही चाकं ओढतात. काळजी कशाला?"

"निघशील झकास. थांबशील कशावर, हवेवर? थंडीत या टायरचं रबर लाकूड होतं रे."

त्यांनी माझी किल्ली काढून घेतली आणि स्नो टायर लावलेल्या आपल्या खटाऱ्याची माझ्या हातात ठेवली. "सूनबाईला यातून ने. तुझा रणगाडा मी आणतो."

पहिल्या लाल सिग्नलला खटारा गुमान थांबला. माझी नवी गाडी मात्र शेजारून आडवी घसरत गेली आणि रिकाम्या चौकाच्या मधोमध थांबली. आत काका वरातीतल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

बायकोने पोटावर हात ठेवला. "उद्या टायर बसव, नाहीतर ती गाडी त्यांनाच देऊन टाक."