कूलरमधला मोगरा आणि जावयाचा धोंडा

मे महिन्यात, नागपुरात, घरात धडधाकट कूलर असताना आम्ही दोघं नवरा-बायको पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो होतो. कूलर बिघडला नव्हता. कूलरमध्ये मोगरा होता.

हे नीट कळायला आधी माझा नाद कळायला हवा. मला कुंड्यांमध्ये फुलझाडं वाढवायचा नाद आहे. 'कुंडी' हा शब्द मी जरा मोठ्या मनानं वापरते. ज्यात माती मावते आणि ज्याच्या बुडाला भोक पाडता येतं, ती कुंडी! रंगाचे डबे झाले, गळका गिझर झाला, यांचं जुनं हेल्मेट झालं. (ते जुनं होतं हे माझं मत. हे अजून ते शोधतात.) एकदा एका व्हिडिओत पाहिलं की, गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावली तर जोमानं फुटते. लावली. जोमानं फुटला तो बटाटा! काडी शेवटपर्यंत काडीच राहिली. कुंडीतून निघालेल्या त्या बटाट्यांची रस्सा भाजी ओरपत हे म्हणाले, "अवं, गुलाबाची भाजी मस्त जमली. पुढच्या बारीले जास्वंदाची वांगी लाव!"

माझ्या प्रयोगांतून वाचलेलं गच्चीवरचं एकमेव झाड म्हणजे बटमोगरा. वाचलं, कारण त्याला मी कधी हात लावला नव्हता. आमची एकुलती एक लेक सोनल उन्हाळ्यात रोज सकाळी त्याची फुलं तोडून पाण्याच्या माठात टाकायची. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "आई, इथं मोगरा मिळते वं. पण माठात टाकला का आपल्यासारखा वास नाही येत. पाणी पिताना सासर सासर लागते."

ती हसत बोलली, पण मला हसू आलं नाही. मी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला, "काळजी नको करू. धोंड्याले जावई येतीन ना, तवा त्याच मोगऱ्याचं रोप देईन तुले."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! त्याला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांवर दिवा लावून वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिला अधिक असेल तर सासूच्या पायाला भिंगरीच. आणि यंदा हा महिना आला तो ऐन उन्हाळ्यात!

रोप दणकट निघावं म्हणून मी भर एप्रिलात मोगरा कुंडीतून काढून मोठ्या ड्रममध्ये हलवला. (एप्रिलात नागपुरात माणसंही घर बदलत नाहीत.) चार दिवसांत झाडानं माना टाकल्या. आठवड्यात ते वाळायलाच लागलं. जेवढ्या हिरव्या फांद्या उरल्या होत्या तेवढ्या मी छाटून घेतल्या. मूठभर काड्या! आता सोनलचा मोगरा जगात उरला होता तो माझ्या मुठीत, आणि बाहेर पारा वर चढत चालला होता.

काडीला मुळं फुटायला सतत ओल लागते, गारवा लागतो आणि हवा खेळती लागते. गच्चीवर हिरव्या जाळीखालीसुद्धा कुंड्यांची माती हाताला चटका देत होती. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी कूलरसमोर विचार करत बसले, आणि माझी नजर कूलरच्या ताटीवर गेली. कूलरच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या असतात, पंप त्यांच्यावर पाणी सोडतो, आणि मधला पंखा गार वारा घरात फेकतो. हे सगळ्या नागपूरला माहीत आहे. पण त्या ओल्या ताटीतून एक गवताचं हिरवंगार पातं डोकं वर काढून उभं होतं, हे फक्त मला दिसलं!

मी तडक मागची ताटी काढली. काड्यांच्या टोकांना हळद लावली, जाळीतून एकेक काडी आतल्या बाजूनं वाळ्यात खोचली, आणि ताटी परत बसवली. पंप सुरू केला. पंखा मात्र बंद. बाहेरची गरम हवा पंखा त्या कोवळ्या पानांवरून ओढणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी हे आले. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात यांचं आयुष्य गेलं, आता निवृत्त झालेत, तरी रोज तिकडे एक चक्कर असते. बनियनवर येऊन कूलरसमोर ऐसपैस बसले आणि बटण दाबायला हात पुढे केला.

"हात नका लावू!" मी ओरडले.

"काहून? शॉक लागून राहिला का?"

"मोगरा आहे आतमधी. पंखा नाही लावायचा."

यांनी वाकून कूलरच्या जाळीतून आत पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मोगरा कूलरमधी, आन मी बाहेर?"

"महिनाभराचाच तर प्रश्न आहे न!"

"अवं, महिनाभरात मी वाळून जाईन! मग मलेही खोचशीन का ताटीत?"

घरात दुसरा छोटा कूलर होता. पण त्याच्या टाकीत मी आधीच कुमुदिनी लावली होती, तिला कळीही आली होती, त्यामुळे तो विषयच निघत नव्हता. एसी यांनी कधी घेऊ दिला नाही, त्यानं म्हणे हाडं धरतात. आता स्वतःच्या हाडांना दोष देत ते छताच्या पंख्याखाली आडवे व्हायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "कूलर लावतो म्हटलं तर मोगऱ्याले सर्दी होते म्हणे!"

पंधरवड्यानंतर काड्या तशाच ताठ होत्या, पण वाढीचं लक्षण दिसेना. मग मी त्यांना खुराक द्यायचं ठरवलं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून केलेलं जीवामृत झाडांना फार मानवतं. गल्लीच्या टोकाला एकाच्या गाई आहेत, सामानाला तोटा नव्हता. प्रत्येक काडीला चमच्यानं कोण पाजत बसणार? मी बादलीभर जीवामृत गाळून सरळ कूलरच्या टाकीत ओतलं! पंप ते दिवसरात्र ताट्यांवरून फिरवत राहिला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. यांना मी हे सांगितलं नाही, कारण आधीच ते तापलेले होते.

जावई महिन्याच्या शेवटी यायचे होते. तोवर मुळं फुटतील असा माझा हिशोब. आणि गुरुवारी सोनलचा फोन! "आई, निखिलला सुट्टी आत्ताच भेटून राहिली. आम्ही रविवारीच येतो."

रविवारी सकाळी दोघं उतरली. निखिलराव अंगानं भरलेले, स्वभावानं गरीब आणि जन्मभर नाशिकच्या हवेत वाढलेले. स्टेशनवरून घरी येईपर्यंतच ते शेंदरी झाले होते. त्यांना पन्हं दिलं, ताक दिलं, परत पन्हं दिलं. मोगऱ्याचं गुपित मी सोनललाही सांगितलं नव्हतं. झाड गेल्याचं कळू न देता शब्द दिल्याप्रमाणे तिच्या हातात रोप ठेवायचं, असा माझा बेत.

"आई," निखिलराव कपाळ पुसत फार अदबीनं म्हणाले, "खिडकीत कूलर दिसतोय. बिघडलाय का? मी बघू का?"

"नाही, नाही, जावईबापू! लाइन नाही आहे आज."

निखिलरावांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या. पण पोरगा संस्कारी. "अच्छा," म्हणाला आणि पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

सोनलनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "काहून वं आई? कूलर काहून नाही लावत? निखिल उकडून निघून राहिले तिकडं!"

"तुझ्या बाबांले सर्दी झाली आहे," मी धोंडे तळता तळता म्हटलं.

बाहेरून आवाज आला, "मले नाही झाली! मोगऱ्याले होते!" मी झारा हातात घेऊन दारात गेले आणि असे डोळे वटारले की हे पुढचं बोलणं गिळून बसले.

बारा वाजता वाण द्यायला निखिलरावांना पाटावर बसवलं. यांनी स्वतः गांधीबागेतून कापड निवडून शिवून घेतलेला पांढराशुभ्र कुर्ता त्यांना घातला. समोर तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर तुपाचा दिवा. मी कुंकू लावलं. ते लगेच घामाबरोबर नाकावरून खाली निघालं. परत लावलं. परत निघालं! तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा निखिलराव डोळे मिटून किंचित डुलायला लागले होते. सोनल म्हणाली, "आई, याईले चक्कर येऊन राहिली!"

इतके दिवस नुसते टोमणे मारणारा माझा नवरा तेव्हा उठला. "बस झालं आता! विष्णू मरून जाईन इथं!" आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं. एकवर नाही, दोनवर नाही, एकदम फुल्लवर!

आधी नुसती घरघर झाली. मग दिवा विझला. मग इतके दिवस ताट्यांत मुरलेलं सगळं जीवामृत त्या वाऱ्याबरोबर खोलीत आलं! गार होतं, यात वाद नाही. निखिलरावांच्या कुर्त्यावर मातकट ठिपके उठले, अनारशांवर शिडकावा झाला, सोनलच्या नव्या साडीवर वाळ्याच्या काड्या चिकटल्या आणि घरात गोठ्याचा वास घमघमला. निखिलरावांनी चक्क शुद्धीवर येऊन दीर्घ श्वास घेतला, आणि तिथेच चुकले.

"आई... हे... काय आहे?"

"शेण आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि गोमूत्र. जीवामृत म्हणतात. पण ताजं आहे हो, जावईबापू!"

"असू द्या, असू द्या," हे तोंड पुसत म्हणाले, "देवाले पंचामृत चालते, तर जीवामृतानं काय बिघडते?"

पण माझं लक्ष कशातच नव्हतं. पंख्याच्या पात्यांमधून कटकट आवाज येत होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं. समोर फरशीवर मोगऱ्याची बारीक चिरलेली कोशिंबीर पडली होती. पाट, जावई, वाण सगळं विसरून मी मटकन खाली बसले आणि मला रडूच कोसळलं.

"सोनल, तुझा मोगरा होता वं त्याच्यात," मी म्हटलं. "गच्चीवरचं झाड मीच मारलं. एवढ्याच काड्या उरल्या होत्या. तुले शब्द दिला होता मी."

सोनल शेणाच्या त्या साडीनिशी माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकदम हुंदके द्यायला लागली. जरा वेळानं कळलं की ती हसते आहे. मग परत वाटलं रडते आहे. बहुतेक दोन्ही चाललं होतं.

निखिलराव आंघोळ करून यांची लुंगी नेसून बाहेर आले. मला वाटलं, आता हे बॅग भरणार. त्यांनी स्क्रू खोलायला पेचकस मागितला. गॅलरीत जाऊन उकिडवे बसले, मागची ताटी अलगद सोडवली आणि मोबाईलचा उजेड पाडून बराच वेळ आत बघत राहिले. आम्ही तिघं मागे माना उंचावून उभे.

"आई," ते ओरडले, "हिला मूळ आहे! आणि हिलाही!"

कोपऱ्यातल्या दोन-तीन काड्या पंख्याच्या तावडीतून सुटल्या होत्या. त्यांची पांढरी, दोऱ्यासारखी मुळं वाळ्यात पार गुरफटून गेली होती. मी ती सोडवायला बोट पुढे केलं तर निखिलरावांनी माझा हात धरला. "तुटतील. अशीच नेतो, ताटीसकट."

आणि नेली! साक्षात विष्णू ओली ताटी गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या डब्यात शिरले. शेजारच्या प्रवाशानं विचारलं की हे काय आहे, तर म्हणाले, "सासरचं वाण." गाडी सुटेपर्यंत तो प्रवासी नाकाला रुमाल लावून दाराशी जाऊन उभा राहिला होता. आमचा उरलेला उन्हाळा एका बाजूनं उघड्या कूलरपुढे गेला. यांनी दुकानभर सांगून टाकलं, "लोकं जावयाले अंगठी देतात, आमच्या हिनं अर्धा कूलर दिला!"

पण मोगरा जगला हो! पावसाळाभर नाशिकच्या गॅलरीत तो असा पसरला की, सोनल रोज फोटो पाठवायची आणि मी ते यांच्या नाकासमोर धरायची. एकदा फोटोत नुसता माठ होता, आणि पाण्यावर दोन फुलं. त्या दिवशी मी यांना जेवताना दोनदा तूप वाढलं.

दसऱ्याच्या सुमारास सोनलच्या सासूबाईंचा फोन आला. आवाज करडा. "विहीणबाई, तुम्हाला म्हणून सांगते. तुमच्या लेकीला रोपं वाढवायची आहेत म्हणे. तिनं माझ्या इडलीपात्राच्या एकेका वाटीत माती भरून मोगऱ्याच्या काड्या रोवल्या आहेत. आठवडा झाला, घरात इडली नाही!"

मी लाजेनं अर्धी झाले. माफी मागायची, लेकीला समज देते म्हणायचं, नवीन इडलीपात्र पाठवते म्हणायचं, असं सगळं मी मनात भराभर जुळवलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "विहीणबाई, झाकण लावून ठेवलंय ना? आत ओल धरून राहिली पाहिजे!"