न मोजलेली मेंढरं

आमच्या घरात मेंढरं मोजायची नाहीत. मोजली की नजर लागते म्हणे. बा एकेका मेंढीला तोंडावरून ओळखायचा, पण किती आहेत विचारलं तर म्हणायचा, हायेत देवाच्या दयेनं. मी नववीत, स्वतःला दीडशहाणी समजणारी. या उत्तरानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी शेजारच्या गावात मेंढरांना देवीचा रोग आला. जवळा बाजार या गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लस थोडी आहे, नेमका आकडा कळवा, तेवढी ठेवतो. एक जरी सुटलं तरी रोग कळपात शिरेल. बा मोजायला तयार होईना. मला फार भीती वाटली.

दुपारी माळावर हरळीत पाठ टेकून पडले. ढगांच्या सावल्या कळपावरून सरकत होत्या. मेंढरं कुठली नि सावल्या कुठल्या, कळेना. डोळे जड झाले आणि वाटलं, सगळा माळच हळूहळू चरत चाललाय. त्या गुंगीतच जंताच्या औषधाची बाटली आठवली. पावसाळ्याच्या तोंडी बानं पाजली होती. मेंढीला दोन झाकणं, कोकराला एक. दोनशे झाकणांची बाटली, बराबर संपलेली.

बाला विचारलं, औंदा किती मेंढ्या व्यायल्या नाहीत? दहा, तो लगेच म्हणाला. रिकाम्या मोजल्या तर कसली नजर लागते! बाकी प्रत्येकीला एकेकच कोकरू. मग मेंढ्या एक्स, कोकरं एक्स वजा दहा. दोन एक्स अधिक एक्स वजा दहा बराबर दोनशे. एक्स आला सत्तर. सत्तर आणि साठ, एकशे तीस. एकाही मेंढराकडं बोट न दाखवता कळप माझ्या वहीत आला होता. इतका आनंद मला पुढं कुठल्याच गणितानं दिला नाही.

मी आकडा कळवला, डॉक्टर आले. ते मेंढरं नाही, सुया मोजत होते, म्हणून बाची हरकत नव्हती. शेवटची सुई झाली तेव्हा आकडा एकशे एकोणतीस.

एक सुटलं होतं. मी बोरीबाभळीत शिरले, ओढ्यापर्यंत पळाले, काट्यांनी हात सोलले. बा मागून आला आणि त्यानं माझा दंड धरला.

"शोधू नको, बाई. ते कोकरू आखाडातच गेलं."

"मग सांगितलं काहून न्हाई तू?"

बा कळपाकडं वळला. मग म्हणाला, "त्याची माय अजून हाका मारून राहिली. तिच्यादेखत म्या वजा कसं करू?"

मी परत आले. वहीतलं एकशे तीस तसंच ठेवलं. एकशे एकोणतीस डॉक्टरांनी लिहिलं, त्यांच्या कागदावर.