न घासलेलं कडं

नव्वदच्या दशकात मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. राहायला रामवाडीत, आणि वडिलांच्या मागे राहिलेलं शेत रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठी. दर रविवारी एसटीने जायचे. शेत खरं सांभाळायची ती जवळच्या वाडीवरची कातकरी मावशी. वडिलांच्या वेळेपासून ती आमच्याकडे कामाला होती.

एका हिवाळ्यात भात निघाल्यावर कलिंगडं लावायचं ठरलं. मावशी आळी खणत होती, ती मध्येच थांबली.

"बाय, इकडं ये गो. कुदळीला कायतरी लागलं."

फुटकं मडकं होतं. आत मातीच्या ढेकळात रुतलेली दोन कडी, गंजून हिरवी झालेली. इतिहास शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्याच शेतात असं काही मिळावं! एक कडं पिशवीत घातलं, दुसरं मावशीला सांभाळायला दिलं आणि पेणची गाडी पकडली.

घरी येताच चिंच आणि राख घेऊन बसले. तासभर घासून कडं लखलखीत केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मिरवलं, वर "सातवाहनांच्या काळातलं" असंही ठोकून दिलं. आधार काहीच नव्हता.

संध्याकाळी ते बाजारातल्या ओळखीच्या म्हाताऱ्या सोनारांकडे नेलं. त्यांनी भिंगाखाली धरलं, टिचकी मारून नाद ऐकला.

"सोनं नाही, कासं आहे. साच्यात ओतलेलं. ही जोडाची रेघ बघा." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घासलं कुणी?"

"मीच."

"मग वय मला विचारू नका. ते याच्या अंगावर होतं, तुम्ही मोरीत सोडलंत."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याच रात्री कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना पत्र लिहिलं. त्यांची हयात उत्खननांत गेली होती. पुढच्या पंधरवड्यात सर स्वतः आले. रोह्याला जाताना गाडीत मी सगळं कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, "बघू, दुसरं काय सांगतंय ते."

मला धास्ती त्या दुसऱ्याचीच होती. मीच घासलं, तर मावशी कशी सोडेल?

मावशीने आतून सूप आणलं. त्यात कडं जसं निघालं तसं, मातीसकट पळसाच्या पानात गुंडाळलेलं. शेजारी मडक्याची सगळी खापरं.

"धुतलं नाहीस, मावशी?"

"नाय गो. कुनाचं हाय, ठाव नाय. हाय तसं ठेवलं तर वळख पटंल ना."

सर अंगणातच मांडी घालून बसले. बराच वेळ भिंगातून पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं. हिरव्या थरावर उभ्या-आडव्या धाग्यांची बारीक वीण उमटली होती. कापड कधीच कुजून गेलं होतं, गंजाने त्याचा ठसा तेवढा धरून ठेवला होता. कुणीतरी ती कडी फडक्यात बांधून, मडक्यात घालून, जपून पुरली होती. माझ्या कड्यावरही अशीच वीण असणार, आणि ती मी राखेने घासून टाकली होती.

मग सरांनी खापरं हातात घेतली. "कड्याची घडण पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. मडक्याचे काठ मात्र बदलत जातात. हा काठ हजारेक वर्षांपूर्वीचा असावा. तपासून नक्की सांगेन."

मावशी कड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढुसं हाय. पोरीचं असंल."

सरांनी कडं मापलं. "असेल. बरोबर बोललात."

तहसील कचेरीत कळवलं, पंचनामा झाला. कारकुनाने ‘कुणाला सापडलं’ या रकान्यात माझं नाव लिहिलं होतं. सरांनी ते खोडायला लावलं. "सापडलं यांना, सांभाळलंही यांनी." मावशीने अंगठा उठवला. दोन्ही कडी संग्रहालयात गेली, त्यातलं माझं ‘घासलेले’ असा शेरा घेऊन.

सोनारांनी तोंडावर खरं सांगितलं, सरांनी एका शब्दानेही दुखावलं नाही, आणि मावशीने मला न शिकवता शिकवलं. या तिघांचे उपकार मी विसरलेले नाही. काही महिन्यांनी सरांचं पत्र आलं: अंदाज बरोबर होता, मडकं हजारेक वर्षांपूर्वीचंच. बांधावर बसून मी ते मावशीला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.