पाच नावं, एक छाती

ती केस आठवली की आजही मी नकळत एक खोल श्वास घेऊन बघतो. येतो ना, याची खात्री करून घेतो.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका खडी क्रशरवर चाळिशीचा कामगार भर दुपारी कोसळला आणि गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, याची फुप्फुसं दगडाच्या धुळीने कडक झाली आहेत. कोळशाच्या खाणीतही कामगारांना धुळीचा असाच आजार जडतो, पण दगडाची धूळ त्याहून वाईट. एकदा बसली की निघत नाही.

मालकाने मात्र फाइल पुढे केली. दरवर्षी एक गाडी येऊन कामगारांच्या छातीचे फोटो काढत असे. मयताच्या गेल्या चारही वर्षांच्या फोटोंना 'निर्दोष' असा दाखला जोडलेला होता. मालकाने दाखले विकत घेतले, असं मी ठरवूनच टाकलं. माझा स्वभाव तसा उतावळा.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "साहेब, त्यो फोटो त्यांचा न्हाईच," एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती मयताची बायको होती, हे मला मागाहून कळलं.

मयताबरोबरच्या चौघा कामगारांना मी बोलावलं. ठाण्याच्या चार पायऱ्या चढताना एकाला मध्येच बसावं लागलं. विचारलं तर म्हणे, सर्दी आहे. दोन तास झाले तरी चौघंही गप्प. पोलिसाला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली होती. हे चौघं मला नाही, टेबलावरच्या त्या फाइलला घाबरत होते.

मयताचे आणि त्या चौघांचे फोटो मी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एकेक फोटो खिडकीच्या काचेवर धरला. पाचही जणांची डावीकडची तीच बरगडी मोडून वाकडी जुळलेली होती.

आमचे हवालदार मेंढपाळाच्या घरातले. बरगडी म्हणताच ते म्हणाले, "बोरी बुद्रुकाकडच्या एकाला एडक्यानं धडक दिली व्हती, साहेब. मेंढ्या इकून त्यो बी त्याच क्रशरवर लागलाय. मयताचा मेव्हणा."

मेव्हण्याला बोलावून घेतलं. त्याच्यावर आवाज चढवावा लागला नाही. तो रोजंदारीवर होता, यादीत त्याचं नावच नव्हतं. गाडीतला माणूस नाव पुकारायचा, तोंड बघायचा नाही.

"दाजींना दम लागायचा," तो म्हणाला. "फोटोत काय निघालं तर काम जाणार व्हतं. माझी छाती धड, म्हनून मी उभा राह्यलो. मग बाकीचे बी म्हनाले, आमच्या नावानं बी राहा."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती त्याला सांगायची माझी हिंमत होईना. फोटो वर्षांप्रमाणे लावले तर पहिल्या वर्षीची छाती स्वच्छ होती. तिसऱ्या वर्षी बारीक ठिपके होते. चौथ्या वर्षी दोन्ही बाजूंना पांढरं पसरलं होतं. दाखला मात्र तोच, 'निर्दोष'.

"ह्यो शेवटचा कुणाचा?" टेबलावर ओळीने लावलेल्या फोटोंकडे बघत त्यानेच विचारलं.

"तुझाच," मी म्हणालो.

धूळ रोखली नाही म्हणून मालकावर आणि फोटो न बघताच दाखले दिले म्हणून दाखले देणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. चौघांचे आणि मेव्हण्याचे फोटो आता ज्याच्या त्याच्या नावाने निघाले. एकाचाही चांगला आला नाही. नोकरीभर मी समजत होतो की खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याला फसवतो. या माणसांनी हातचं काम टिकावं म्हणून स्वतःचा आजार स्वतःपासूनच लपवला होता. तेव्हापासून गप्प बसलेल्या माणसाला मी आधी विचारायचो, कशाची भीती वाटते?

मेव्हण्याच्या हातात त्याच्या नावाचा फोटो दिला तेव्हा त्याने तो उजेडात धरला आणि आपल्या वाकड्या बरगडीवर बोट ठेवलं.

"चार वरसं मी समद्यांसाठी उभा राह्यलो," तो म्हणाला. "आता माझ्यासाठी कोन उभं राहनार, साहेब?"