वाकणाऱ्या स्ट्रॉची अट

जबलपूरच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. शाळा आठवीत सुटली. तथापि माझ्या मसुद्यातला शब्द बाबूलोक सहसा बदलत नाहीत. म्हणूनच चेरीतालच्या आमच्या मोहल्ला समितीने, दुकानांतून प्लास्टिकच्या कोणत्या वस्तू हटवाव्यात याच्या कसोट्या ठरवण्याचे काम माझ्याकडे सोपवले. मी तीन लिहिल्या. जिचा उपयोग घटकाभरात संपतो, जी वापरानंतर कुणी गोळा करत नाही आणि जिच्या जागी दुसरी वस्तू चालते, ती हटवावी. तिन्हींत सर्वांत आधी स्ट्रॉ सापडली. दुकानदारांनी ती ठेवणे बंद केले.

काही दिवसांनी शेजारच्या गल्लीतले, कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांच्या पत्नीला लकवा झालेला. मान उचलता येत नसे.

"कागदाची स्ट्रॉ तोंडातच विरघळून राहिली, भैया. स्टीलची दातावर आपटते. चमच्यानं पाजलं की ठसका लागतो. दिवसभर तहानलेली असते ती."

प्रत्यक्ष पाहणीशिवाय मी कलम लिहीत नाही. त्यांच्या घरी गेलो. बाई खाटेवर आडव्या होत्या. ओठ सुकून फाटले होते, आणि त्यांमागे कोरडी जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचे ऐकू येत होते.

"अच्छा, कायदेवाले भाऊ आले," त्या जड आवाजात म्हणाल्या. "काहून जी, तुमच्या तिन्ही कसोट्यांत माझं तोंड कुठंच नाही काय?"

मी तिथेच बसून चौथी लिहिली. वस्तू हटवण्यापूर्वी तिच्यावाचून कुणाचे अडते हे पाहावे, आणि त्या व्यक्तीस ती औषधाच्या दुकानात मिळावी. समितीने मान्यता दिली. पहिले पाकीट मी स्वतः नेले. बाईंनी वाकलेली स्ट्रॉ ओठांत धरून पेलाभर पाणी न थांबता ओढले. पेला रिकामा झाला तरी त्या ओढतच राहिल्या.

मग त्यांनी विचारले, "मी गेल्यावर ही किती दिवस राहील?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

"माझी उष्टी? नाल्यात? नाही, भाऊ. दुकानानं परत घ्यावी, असं लिहा."

मी लिहिले. वापरणारी व्यक्ती निवर्तल्यास वस्तू विक्रेत्याने परत घ्यावी. वाक्य उत्तम उतरले होते. परत घेऊन त्याने तिचे काय करावे, हे समितीनेही विचारले नाही.

बाईंच्या तेराव्यानंतर ते गृहस्थ डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. आत धुतलेल्या स्ट्रॉ होत्या. प्रत्येकीच्या टोकावर दातांचे व्रण.

"मेडिकलवाला घेत नाही म्हणते. नाल्यात टाकू नको, असं ती सांगून गेली. आता तुम्हीच सांगा, कुठं जमा करू?"

मी डबा ठेवून घेतला. तो माझ्या पेटीत, कोऱ्या कागदांखाली आहे. दुपारी माणसे पांगली की मी पुढचे कलम लिहायला घेतो. 'परत आलेली वस्तू' इथपर्यंत येतो. त्यापुढे बाई खाटेवरून माझ्याकडे पाहत असतात, आणि मी पेन खाली ठेवतो.