फताडे पाय अन् नातीचे बूट

आज भर दुकानात माझ्या सुनेनं माझ्या पायाची लाज काढली. हे आधी सांगते, मग राम राम.

आपल्या मुर्री गावच्या ग्रुपातल्या बायांनो, माझी नात जिममध्ये वजन उचलते अन् थोडी धावते. निमुळत्या बुटानं तिच्या करंगळीचं नख काळं पडलं. म्हणून आम्ही तिघी गोंदियाले नवे बूट घ्यायले गेलो.

दुकानदारानं एक जोड काढला. समोरून रुंद, टाच अन् पंजा एका पातळीत. म्हणे, "माताजी, नंगे पैर जैसा लगेगा." नात घालून उड्याच मारू लागली. "आजी व, बोटं मोकळी झाली!"

तं सून म्हणते, "काढ ते. बोटं फाकली तं आजीसारखे फताडे पाय होतीन. पाहुणे पाहाले आले तं पहिले पायच पाहातीन."

सूनबाई, धानाच्या रोवण्याच्या चिखलात बोटं फाकवल्याशिवाय बाई उभी राहत नाही. याच पायांनी तुझा नवरा पोसला. मले पाहाले आलेले पाहुणेही मले चालवून, माझे पाय पाहून हसले होते. पण ते परके होते.

शेवटी निमुळता गुलाबी जोड घरी आला. संध्याकाळी नात धावून आली अन् आता लंगडून राहिली.

जे पाहुणे अजून आलेच नाही, त्यांच्यासाठी पोरीचं नख काऊन काळं करून राहिली तू, सूनबाई? माझी सून याच ग्रुपात आहे. उत्तर तिनंच द्यावं. बाकीच्यांनी अंगठे पाठवू नका.